बैठक

'कल्चर' हा शब्द आमच्या धंद्यात इतका स्वस्त झालाय की तो कानावर पडला की मी आधी भिंतीकडे बघतो. कारण बहुतेक वेळा तो भिंतीवरच असतो. रिसेप्शनच्या मागे मोठ्ठ्या अक्षरांत 'ओनरशिप', 'ट्रस्ट' वगैरे, आणि त्याखाली कुंडीत प्लास्टिकचं झाड. कंपनीचं खरं कल्चर बघायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला प्रॉडक्शन बंद पडल्यावर कोण बॅग खाली ठेवतं आणि कोण लिफ्टचं बटण दाबतं ते बघावं.

आमच्या टीममध्ये कोड रिव्ह्यू सुरू व्हावा म्हणून तीन वेळा मेल आले, एकदा ट्रेनिंग झालं, त्यात समोसे पण होते. काही झालं नाही. मग दोन जण रोज जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं एका मशीनसमोर बसायला लागले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चारेक महिन्यांनी एक नवीन मुलगी जॉइन झाली आणि पहिल्याच आठवड्यात तिने आपली खुर्ची ओढली आणि तिथे जाऊन बसली. तिला वाटलं, इथे असंच असतं. तर कल्चर म्हणजे हे, 'इथे असंच असतं'. मराठीत मला यासाठी 'बैठक' हा शब्द आवडतो. गवयाला बैठक लागते, अभ्यासाला बैठक लागते. रोज त्याच जागी बसून बसून अंगात मुरलेली गोष्ट.

आता हे सगळं कशासाठी सांगतोय, तर गेल्या वर्षी आमच्या मंडळीत बुधवारची प्रार्थनासभा बंद करायची का, यावर कमिटीत चांगली दीड तास चर्चा झाली. तरुण संघाचा प्रतिनिधी म्हणून मी तिथे होतो.

नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे, पण नवीन वाचकांसाठी: मी मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरचे (आता अहिल्यानगर, पण आजीच्या तोंडी 'नगर'च होतं, म्हणून माझ्याही). आमच्यात चर्चमधल्या लोकांना मिळून 'मंडळी' म्हणतात आणि धर्मगुरूला 'पाळक'. रविवारी उपासनेला दोनअडीचशे लोक असतात, नाताळला तर बाहेर मांडव घालावा लागतो. आणि बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला सात. सात म्हणजे खरोखर सात, त्यातली एक माझी आई.

गंमत म्हणजे त्याच वर्षीचं मंडळीचं घोषवाक्य प्रार्थनेवर होतं. बॅनर छापला होता, फ्लेक्सवर, जोडलेल्या हातांचं चित्र. भिंतीवर.

बंद करण्याच्या बाजूने जे बोलत होते ते काही दुष्ट लोक नव्हते. सात माणसांसाठी मोठा हॉल उघडायचा, दिवे-पंखे लावायचे, पाळक साहेबांनी अर्ध्या शहरातून गाडी हाकत यायचं. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर विनंत्या टाकू, ज्याने त्याने घरी प्रार्थना करावी. शिवाय येशूनेच नाही का सांगितलं, खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर? मुद्दा बिनतोड वाटतो. पण त्याच येशूकडे शिष्य आले आणि आम्हाला प्रार्थना करायला शिकवा म्हणाले, तेव्हा त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत 'आम्ही'. हे मी मीटिंगमध्ये बोललो नाही, कारण तेव्हा सुचलं नव्हतं. घरी येताना सिग्नलला सुचलं. नेहमीचंच.

मग सवयीप्रमाणे मी वाचायला बसलो. ज्या ठिकाणी प्रार्थनेची बैठक खरंच लागली, तिथे नेमकं काय केलं होतं लोकांनी? चमत्कार-बिमत्कार बाजूला ठेवा, मला व्यवस्था बघायची होती. वेळ किती, बोलायचं कोणी, कंटाळा आल्यावर काय.

सगळ्यात जास्त आवडला तो न्यूयॉर्कचा जेरेमाया लॅनफियर. वय अठ्ठेचाळीस, पाळक नाही, काही नाही, कापडाच्या व्यापारातला माणूस. १८५७ मध्ये मॅनहॅटनच्या फुल्टन स्ट्रीटवरच्या एका डच चर्चने त्याला आसपासच्या वस्तीत काम करायला नेमलं. त्या भागातली राहती कुटुंबं वर सरकत होती, उरले होते ते ऑफिसवाले आणि दुकानवाले. म्हणजे आपल्यासारखे लोक. त्याने डोकं असं चालवलं की यांना जेवणाची सुट्टी असते, तर दुपारी बारा ते एक प्रार्थना ठेवू. पत्रकं वाटली. त्यात लिहिलं होतं की पाच मिनिटं या, दहा मिनिटं या, पूर्ण तास या, जमेल तसं. २३ सप्टेंबर १८५७, बुधवार. (हो, बुधवारच!) बारा वाजता हा एकटा. साडेबारापर्यंत एकटा. मग जिन्यावर पावलं वाजली आणि एकापर्यंत मिळून सहा जण झाले. पुढच्या आठवड्यात वीस, त्याच्या पुढच्या आठवड्यात चाळीस, आणि ऑक्टोबरमध्ये सभा रोज भरायला लागली. १८५८ च्या वसंतापर्यंत शहरात ठिकठिकाणी दुपारच्या सभा भरत होत्या, एक तर चेंबर्स स्ट्रीटवरच्या नाटकाच्या थिएटरमध्ये.

इथे माझ्यातला इंजिनियर म्हणतो, थांब. त्या वर्षी काय झालं होतं? २४ ऑगस्टला ओहायो लाइफ इन्शुरन्स अँड ट्रस्ट कंपनी बुडाली होती आणि १४ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. माणसं घाबरलेली होती, म्हणून आली असणार. मान्य. पण मंदी त्याआधीही आल्या होत्या आणि नंतरही आल्या. घाबरलेला माणूस दुपारी साडेबाराला जिना चढून येईल आणि वर कोणीतरी बसलेलं असेल, ही सोय मात्र लॅनफियरने बँका अडायच्या तीन आठवडे आधी करून ठेवली होती.

आणि त्याचे नियम! भिंतीवर पाटी होती, पण कामाची. प्रार्थना किंवा बोलणं पाच मिनिटांच्या वर नाही. लांबलं की घंटी. लागोपाठ दोनपेक्षा जास्त प्रार्थना नाहीत. वादाचे विषय नाहीत. ज्यांना यायला जमत नाही ते चिठ्ठ्या पाठवायचे, त्या वाचून दाखवायचे. बास. ज्याने कधी दोन तासांची 'क्विक सिंक-अप' सोसली आहे, त्याला त्या घंटीची किंमत मी वेगळी सांगायला नको.

त्याच्या आधी सव्वाशे वर्षं, जर्मनीत सॅक्सनीमध्ये हेर्नहूट नावाचं गाव. मोराव्हियातून धर्मछळामुळे पळून आलेले लोक १७२२ पासून काउंट झिंझेंडॉर्फच्या जमिनीवर वसले होते. १७२७ च्या ऑगस्टमध्ये चोवीस पुरुष आणि चोवीस बायकांनी दिवसरात्रीचे तास वाटून घेतले, प्रत्येक तासाला कोणी ना कोणी प्रार्थनेत. आमच्या भाषेत ऑन-कॉल रोस्टर. हे रोस्टर शंभर वर्षांहून जास्त चाललं! मी ज्या सिस्टिम्सवर काम केलंय त्यातली एकही दहा वर्षं धड चालली नाही.

पण या गोष्टीचा जो भाग सहसा कोणी सांगत नाही तो असा की त्याआधी या गावात कडाक्याची भांडणं होती. कोणाची शिकवण खरी, कोणी कोणाचं ऐकायचं, सगळं. झिंझेंडॉर्फ घरोघरी फिरला, मे महिन्यात सगळ्यांनी मिळून एकत्र कसं राहायचं याचा करार केला, सह्या केल्या. त्यानंतर ऑगस्ट. आधी मे, मग ऑगस्ट. आपल्याकडे मंडळ्यांमध्ये जागेवरून, ट्रस्टवरून कोर्टात तारखा चालू असतात, दोन घराणी एकमेकांना रविवारी 'सलाम' करत नाहीत, आणि आपण थेट ऑगस्ट आणायला बघतो. फ्लेक्स लावून.

आता हे सगळं गोऱ्यांचं झालं. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात त्या विद्वान, विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या. पुढचं पान सहसा कोणी उलटत नाही. १८९६ नंतरच्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांतातून, गुजरातमधून उपाशी मुली आणि बायका आणल्या, शेकडोंनी. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी या मुलींना विचारलं, रोज प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेवर गेला, दिवसातून दोनदा. आणि प्रार्थना म्हणजे शांतपणे डोळे मिटून नव्हे. शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने, रडत, ओरडत. बाहेरून येणारे काही पाहुणे बिचकले. रमाबाईंनी ते थांबवलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की आपल्या लोकांच्या भक्तीला इंग्रजी वळण लावायची गरज नाही, ती आपल्या स्वभावाने होऊ दे.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की याच बायका उरलेल्या वेळात छापखाना चालवत होत्या, माग चालवत होत्या, शेती करत होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ साली मरणाच्या थोडं आधीपर्यंत ते काम चालू होतं, आणि त्याचे खिळे जुळवायला याच मुली. प्रार्थना ही कामातून पळायची जागा नव्हती तिथे. सकाळी जिच्याशेजारी रडलो तिच्याशेजारीच दुपारी काम. त्यामुळे प्रार्थनेला 'विषय' शोधावा लागत नसणार.

भाषेचा प्रश्न मला जरा जास्तच लागतो. आमच्याकडे जुनी माणसं प्रार्थना करायला लागली की ऐकत राहावं अशी मराठी बोलतात. 'हे दयाघना, कृपासागरा, आम्ही अपात्र लेकरे...' नारायण वामन टिळकांची गाणी 'उपासना संगीत'मधून लहानपणापासून म्हटलेली, त्या अभंगांचा ठेका त्यांच्या बोलण्यात उतरलेला. सुंदर आहे ते, मी त्याची चेष्टा करत नाही. पण इंग्लिश मीडियममधला बावीस वर्षांचा मुलगा ते ऐकतो आणि त्याला वाटतं, हे आपल्याला कधीच जमणार नाही. तो गप्प बसतो. दोन बुधवार गप्प बसतो आणि तिसऱ्या बुधवारी येत नाही. टिळकांनी तर विलायती चालींच्या भाषांतरित गीतांमधून मंडळीला बाहेर काढून आपल्या चालींवर, आपल्या शब्दांत आणलं होतं. आज आपले शब्द कुठले, एवढाच प्रश्न आहे.

बरं, प्रार्थनेची बैठक लागली म्हणजे सगळं गोड, असंही नाही. कोरियात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्याँगयाँगमध्ये पहाटेची प्रार्थना सुरू झाली. गिल सन-जू हे नाव त्यात पुढे येतं. ख्रिस्ती होण्याआधीही ते पहाटे उठून साधना करत असत. सवय त्यांच्या मातीतलीच होती. आज दक्षिण कोरियात पहाटेची प्रार्थना नाही असं चर्च शोधावं लागेल. आमच्या क्लायंटकडच्या एका कोरियन सहकाऱ्याला मी मोठ्या कौतुकाने याबद्दल विचारलं. तो म्हणाला, माझी आई तीस वर्षं पहाटे पाचला जाते, आणि मी चर्च सोडलं त्याचं एक कारण तेच. कोण आलं, कोण नाही आलं, हे मोजलं जायचं. मोजणी सुरू झाली की सवयीची हजेरी होते. हे ऐकल्यापासून मी आमच्या तरुण संघातल्या त्या मित्राला स्पष्ट नाही म्हणून सांगितलं, जो प्रार्थनेचं अ‍ॅप बनवायच्या मागे आहे. स्ट्रीक, बॅज, लीडरबोर्ड. कृपा करून नको रे बाबा :)

आमच्या सात जणांत एक मावशी आहेत. निवृत्त नर्स. त्यांच्याकडे वही असते, लाल पुठ्ठ्याची, दुरेघी. डावीकडे तारीख, मग नाव, मग काय मागितलं. उजवीकडे एक रिकामा रकाना. काम झालं की तिथे तारीख. नोकरी लागली, तारीख. बाळंतपण सुखरूप, तारीख. अशा अकरा वह्या आहेत.

एप्रिल २०२१. दुसऱ्या लाटेचे ते दिवस पुण्यात कसे होते हे इथल्या वाचकांना सांगायची गरज नाही. आमच्या मंडळीतला एक जण, वय एक्केचाळीस, दोन लहान मुली, व्हेंटिलेटरवर गेला. तेव्हा आम्ही हेर्नहूटसारखं केलं, हेर्नहूट माहीत नसताना. मी एक शीट बनवलं, चोवीस तासांचे अठ्ठेचाळीस रकाने, अर्ध्या अर्ध्या तासाचे. एका संध्याकाळी भरलं. रात्री अडीचचा, तीनचा रकाना घ्यायला लोक भांडत होते. जे कधी बुधवारी फिरकले नव्हते ते. अमेरिकेतले, दुबईतले. सोळा दिवस तो शीट चालला. सतराव्या दिवशी सकाळी तो गेला.

त्यानंतरच्या बुधवारी झूमवर सहा जण होतो. अठ्ठेचाळीस रकान्यांमधून सहा. मला लोकांचा राग आला नाही. काय म्हणून यावं? मी स्वतः पण कॅमेरा बंद करून बसलो होतो. कोणी काही बोलेना. मग मावशींनी वही उघडली. त्या रकान्यात काय लिहिणार, असं मला झालं होतं. त्यांनी काहीच लिहिलं नाही, रकाना कोराच ठेवला. खालच्या ओळीवर नवीन तारीख टाकली आणि त्याच्या बायकोचं आणि दोन मुलींची नावं लिहिली. मग म्हणाल्या, 'देवा, हे आम्हाला पटलेलं नाही. या तिघींना बघ.' एवढीच प्रार्थना. पाच सेकंद.

प्रेषितांच्या कृत्यांत एक गोष्ट आहे, बाराव्या अध्यायात. पेत्र तुरुंगात, मंडळी मार्कच्या आईच्या घरी त्याच्यासाठी प्रार्थना करत बसलेली. पेत्र सुटून येतो, दार वाजवतो, आणि आत कोणी विश्वासच ठेवत नाही. दासीला वेड्यात काढतात. लहानपणी आम्ही यावर हसायचो. पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला याकोबाला तलवारीने मारलेलं आहे. त्याच्यासाठीही कोणी बसलं असेलच ना? तरी पेत्राच्या वेळी ते परत बसले होते. बहुधा फारशी आशा नसताना.

म्हणून कमिटीत माझ्या बोलायची पाळी आली तेव्हा मी लॅनफियर-बिनफियर काही काढलं नाही (वाचलंच नंतर). मी एवढंच म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोडलेले हात सत्तर जण टाकतात, पण त्या बुधवारी माणूस गेल्यावर काय बोलायचं हे तिथे कोणाला सुचलं नसतं. ते सात जणांतल्या एकीला सुचलं, कारण ती वीस वर्षं दर बुधवारी बसत होती. पाळक साहेब गप्प होते. मग म्हणाले, सहा महिने बघू.

सहा महिन्यांत आम्ही काही क्रांती केली नाही. वेळ साडेसात ते आठ, अर्धा तास. उपदेश नाही; पाळक साहेबांनी हे मोठ्या मनाने मान्य केलं, आणि ते आता मागच्या बाकावर बसतात. मोठ्या हॉलऐवजी बाजूची संडे स्कूलची खोली, म्हणजे छोट्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसावं लागतं. तीन मिनिटांच्या वर प्रार्थना नाही, त्यासाठी आईने स्वयंपाकघरातला टायमर आणलाय, अंड्याच्या आकाराचा. तो पहिल्यांदा वाजला तो मंडळीच्या खजिनदारांच्या प्रार्थनेत, आणि ते स्वतःच हसले, तेव्हा मला वाटलं, जमेल हे. कुठल्याही भाषेत, कुठल्याही मराठीत चालेल. मध्येच उठून जाता येतं. नाव घेऊन हजेरी नाही. आणि न बोलणाऱ्याला 'आता तू कर' असं कोणी म्हणायचं नाही, हा नियम मी हट्टाने घालून घेतला.

माहीमच्या चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना असते, १९४८ पासून, दिवसभर, वेगवेगळ्या भाषांत, आणि रांगेत सगळ्या धर्मांचे लोक. आमच्यातले काही जुने लोक त्या मेणबत्त्या आणि मेणाच्या पायांवरून नाक मुरडतात. मला मात्र बांद्र्याच्या ऑफिसात होतो तेव्हापासून त्याचा हेवा वाटतो. मुंबईत कोणालाही विचारा, माहीमला काय, तर उत्तर येतं, बुधवार. वार लोकांच्या अंगात मुरलाय.

आमचा अजून मुरलेला नाही. चौदा-पंधरा जण असतात, पावसाळ्यात नऊ. एक बावीस वर्षांचा मुलगा येतो, तो पाच महिने काही बोलला नव्हता. जूनमध्ये एकदा म्हणाला, 'देवा, उद्या अप्रेझल आहे आणि माझी फाटली आहे. आमेन.' मावशींनी 'फाटली'पाशी जरा वर बघितलं आणि वहीत लिहून घेतलं. परवा ऑफिसातल्या माझ्या एका मित्राने, देशस्थ ब्राह्मण, घरी गणपती, विचारलं की बाबांची बायपास आहे, तुमच्या त्या वहीत नाव टाकता येईल का. मी मावशींना फोन केला, तर त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव, वय आणि ऑपरेशन किती वाजता आहे ते विचारलं. म्हटलं, देवाला एवढे डिटेल्स लागतात? म्हणाल्या, 'त्याला नाही लागत, मला लागतात. सकाळी सहाची असेल तर मी साडेपाचला उठेन.'

सहा महिने संपून आता बरेच दिवस झाले, कमिटीत तो विषय परत कोणी काढलेला नाही. येत्या बुधवारी माझं रिलीज आहे, मला जमणार नाही. खोलीची किल्ली त्या अप्रेझलवाल्याकडे दिली आहे.